बागेतील गवताची निवड : ग्वाल्हेरचा दाखला



बागेत गवत लावावयाचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. कचेरीच्या किंवा बंगल्याच्या दर्शनी भागात कातरलेली, पाय ठेवताच दबणारी हिरवळ आणि तिच्यावर फिरणारा पाण्याचा फवारा. हे चित्र ज्या देशांतून आले तेथे बारमाही रिमझिम पाऊस पडतो व उन्हाळा सौम्य असतो. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी आहे. तेथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, पश्चिमेकडून लू वाहते, आणि जानेवारीच्या रात्री तोच पारा ५ अंशांपर्यंत व कधी त्याहूनही खाली उतरतो. वर्षाचा पाऊस साधारणतः ८० ते ९० सेंटिमीटर; त्यातील बहुतेक जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पडून जातो. उरलेले आठ-नऊ महिने बाग जगते ती साठविलेल्या पाण्यावर.

या पाण्याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे एक लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवावयाची तर दररोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या लहानशा हिरवळीला रोज ५०० लिटर, आणि मे-जूनच्या साठ दिवसांत ३०,००० लिटर पाणी झाले. पाच हजार लिटरचे सहा टँकर! शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या मापाने एवढीशी हिरवळ जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते.

ग्वाल्हेरला पाणी येते ते मुख्यतः सांक नदीवरील तिघरा जलाशयातून. महाराष्ट्रातील श्रोत्यांना या धरणाबद्दल जवळीक वाटावी असे एक कारण आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी जे स्वयंचलित दरवाजे बसविले, तसेच दरवाजे पुढे तिघऱ्यालाही बसविण्यात आले. परंतु दरवाजे कितीही कुशलतेने केले तरी आकाशातून न पडलेले पाणी ते अडवू शकत नाहीत. पाऊस कमी झालेल्या वर्षांत ग्वाल्हेरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले आहे. अशा गावी घरमालकाने किंवा कचेरीने हिरवळ राखावी काय, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. आणि हिरवळ नको तर मग काय लावावे, याचे उत्तर ग्वाल्हेरच्याच माळावर, नाल्याकाठी आणि बांधावर उभे आहे. तेथे बेटे करून वाढणारी गवते कोणी पाणी न घालता शतकानुशतके जगत आली आहेत.

या गवतांचा शास्त्रीय अभ्यास ग्वाल्हेरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, झाशी येथे होतो. तेथील भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. देशभरच्या गवतांची पाहणी करून दबडघाव व शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारताच्या तृणावरणावरील ग्रंथ सिद्ध केला आणि सबंध देशाची पाच तृणप्रदेशांत विभागणी केली. त्या विभागणीप्रमाणे दख्खनचे पठार, माळवा व बुंदेलखंड हे एकाच प्रदेशात मोडतात, आणि त्या प्रदेशाची ओळख पवन्या व मारवेल या दोन गवतांवरून ठरविलेली आहे. ग्वाल्हेर या प्रदेशाच्या उत्तर कडेला आहे. तेथून पुढे राजस्थानकडे मारवेलाच्या जोडीला अंजन गवताचे राज्य सुरू होते. म्हणजे अहमदनगर किंवा सोलापूर या बाजूंच्या माळावर जे गवत गुरे खातात त्याचेच भाऊबंद ग्वाल्हेरच्या टेकड्यांवर आहेत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास लष्कर हे शहर वसले. तेथे स्थायिक झालेल्या दक्षिणी मंडळींना भाषा, पीक, हवा यांपैकी बरेच काही परके वाटले असेल. पायाखालचे गवत मात्र ओळखीचे होते.

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण रोपवाटिकांत त्याविषयी बराच घोटाळा असतो. खऱ्या गवताची काडी गोल असते, तिला पेरे असतात आणि दोन पेऱ्यांमधला भाग बहुधा पोकळ असतो. लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती दिसण्यात गवतासारख्या, पण त्यांची काडी बहुधा त्रिधारी, भरीव व बिनपेराची असते. पानेही तीन दिशांना फुटतात. काडी दोन बोटांत धरून फिरविली की धार जाणवते. बागेच्या दृष्टीने या भेदाला महत्त्व आहे. कारण बागेत लावावयाची बहुतेक बेटाची गवते कोरड्या जागी समाधानाने राहतात, तर लव्हाळ्याच्या कुळाला बहुशः ओल प्रिय असते. ‘गवत’ म्हणून काठावर लावण्यासाठी विकली जाणारी काही बुटकी, गर्द पानांची रोपे तर या दोहोंपैकी कोणत्याच कुळातील नसतात.

निवडीला प्रारंभ करावयाचा तर वाळ्यापासून करावा. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळा आणि वाळा यांची संगत फार जुनी आहे. वाळ्याच्या मुळांचे पडदे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडीत असत. ओल्या मुळांतून येणारा वारा थंडही होई व सुगंधीही होई. पुढे विजेवर चालणारे कूलर आले, तरी त्यांच्या जाळीत वाळा भरणारे लोक अजून आहेत. पण वाळ्याचे मोल केवळ त्याच्या सुगंधात नाही. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात आणि दोन-तीन वर्षांत दोन ते चार मीटर खोलवर पोहोचतात. त्यामुळे शेजारच्या झाडाच्या तोंडचा घास तो फारसा काढून घेत नाही, लू सुटली तरी तग धरतो, आणि ओळीत लावला तर माती अडविणारी जिवंत भिंत तयार होते. कर्नाटकातील गुंडलुपेट भागातील शेतकरी पूर्वापार वाळ्याच्या रांगा बांधावर राखीत आले आहेत. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतात काम करताना या गुणाची दखल घेतली व मृदसंधारणासाठी वाळ्याचा प्रसार अनेक देशांत केला.

मात्र वाळ्यातही दोन प्रकार आहेत. उत्तरेत रानोमाळ उगवणाऱ्या प्रकाराला बी धरते; दक्षिणेत लागवडीत असलेल्या प्रकाराला रुजणारे बी सहसा धरत नाही, तो ठोंबांपासूनच वाढवावा लागतो. बागेत व बांधावर दुसरा प्रकार बरा, कारण तो लावला तेथेच राहतो. आणखी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. बांधावरचा वाळा मुळांसाठी खणू नये. मुळांना बाजार आहे हे खरे, परंतु उताराची जमीन खणून भुसभुशीत केली तर पहिल्याच पावसात ती वाहून जाते आणि वाळा लावण्याचा हेतूच नाहीसा होतो. मुळे हवी असतील त्याने सपाट जागी निराळा वाफा करावा आणि साधारण दीड वर्षाने तो खणावा.

उंच गवतांत मुंज व काश ही दोन सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. पण स्वभावाने त्या अगदी भिन्न आहेत. मुंजीला मराठीत मोळ असेही नाव आहे. व्रतबंधाच्या वेळी बटूच्या कमरेला बांधण्याची मेखला याच तृणाची, आणि त्यावरूनच त्या संस्काराला मुंज हे नाव पडले. ग्वाल्हेर, मुरैना या बाजूंना चंबळेच्या बीहडांच्या काठी आणि वाळूच्या बंधाऱ्यांवर तिची पुरुषभर उंचीहून मोठी बेटे दिसतात. तिच्या काड्यांचे मोढे होतात, पानाच्या आवरणाची दोरी वळतात, आणि पावसाळा सरताना तिला फिकट रुपेरी तुरे येतात. कुंपणाच्या कडेला, कंपोस्टच्या खड्ड्याची किंवा पाण्याच्या टाकीची जागा झाकावयाची असेल तेथे हिच्यासारखे झाड नाही. फक्त तिला जागा पुष्कळ लागते; दोन बेटांत निदान दीड-दोन मीटर अंतर सोडावे, आणि पानांची कड धारदार असल्याने मुलांच्या खेळण्याच्या वाटेपासून ती दूर लावावी.

काशाची गोष्ट सावधपणे सांगितली पाहिजे. तिकडे त्याला कांस म्हणतात. शरद ऋतूत नदीकाठी फुललेला काश पाहून मोहून जाणार नाही असा मनुष्य विरळा. संस्कृत कवींनी तर शरदाचे वस्त्रच त्याचे केले आहे. पण त्या पांढऱ्या तुऱ्यांखाली जमिनीत काय चालले असते, ते बुंदेलखंड, भोपाळ व विदिशा या भागांतील शेतकऱ्यांना विचारावे. काशाचे कांड जमिनीखाली आडवे धावते, बैलांच्या नांगराच्या आवाक्यापलीकडे जाते, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. एकदा शेतात शिरला की शेतकरी थकतो, काश थकत नाही. मध्य भारतातील विस्तीर्ण जमीन या एका गवतापायी पडीक पडली होती. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना उभारून, जड ट्रॅक्टरांनी खोल नांगरट करून ती जमीन सोडविण्याचे काम हाती घेतले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला जी सुरुवातीची कर्जे दिली त्यांपैकी एक कोटी डॉलरचे कर्ज याच कामाच्या यंत्रसामग्रीसाठी होते. ज्या तृणाचा बीमोड करण्यासाठी राष्ट्राला कर्ज काढावे लागले, ते केवळ तुऱ्यांच्या लोभाने बागेत आणून लावणे शहाणपणाचे नव्हे. ज्याच्या बागेला शेत लागून आहे त्याने तर त्याचा विचारही करू नये. तुरे हवेत तर ते मुंजीलाही येतात.

लहान बागेसाठी गुडघाभर ते कमरेइतकी वाढणारी गवते घ्यावीत. मारवेल हे त्यांतले पहिले. त्याच्या प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचे कडे असते व त्याचे जांभळट तुरे हाताच्या बोटांसारखे फाकलेले असतात. सकाळच्या उन्हात मारवेलाचा वाफा पाहणारा त्याला ‘गुरांचे गवत’ म्हणून बाजूस सारणार नाही. अंजन गवताला (अंजन वृक्षाशी याचा काही संबंध नाही) कोल्ह्याच्या शेपटीसारखे केसाळ, जांभळट कणीस येते. हे गवत कोरडेपणाला मारवेलापेक्षाही काटक असून रेताड जमिनीत उत्तम येते. रोशा अथवा तिखाडी हे सुगंधी तृण. खानदेश व निमाड या भागांत याचे तेल पूर्वीपासून काढीत आले आहेत, आणि पान चुरडले की गुलाबासारखा वास येतो. याच कुळातील गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी असावा हे सांगावयास नकोच. तथापि ग्वाल्हेरच्या थंडीत त्याची पाने करपतात, म्हणून भिंतीच्या उबेला लावलेला बरा.

कुसळी मात्र दुरूनच पाहावी. तिचे तांबूस कुसळ ओल लागताच पीळ सोडते, वाळताच पुन्हा पीळ घेते, आणि अशा रीतीने बी स्वतःला जमिनीत स्क्रूप्रमाणे रोवून घेते. शिक्षकांनी चार कुसळे वर्गात आणून पाण्याच्या थेंबाने हा चमत्कार मुलांना अवश्य दाखवावा. पण तेच कुसळ धोतरात, साडीत आणि मेंढ्यांच्या कातडीतही शिरते. घराच्या आवारात ते नको.

बाहेर देशांतून आलेल्या शोभिवंत गवतांविषयी लोकांना अलीकडे विशेष आकर्षण वाटते. दक्षिण अमेरिकेतील पंपास गवताचे मोठे पांढरे तुरे शहरांतील दुकानांत सजावटीसाठी विकावयास येतात. हे गवत देखणे आहे यात संशय नाही. परंतु न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या देशांत ते बागांतून रानात पसरले आणि तेथे त्याच्या विक्रीला बंदी घालावी लागली. आफ्रिकेतील कारंजे-गवत हवाई बेटांवर असेच मोकाट सुटले. त्याचा तांबड्या पानांचा प्रकार सहसा बी धरत नाही, म्हणून कुंडीत लावण्यास त्यातल्या त्यात बरा. लाल पानांचा दर्भ म्हणून जे रोप विकतात, ते सिरू गवताचेच रंगीत रूप आहे. त्याचा एखादा फुटवा उलटून हिरवा झाला तर तो तत्काळ मुळासह काढावा, कारण हिरवा सिरू जगातील अतिशय चिवट तणांत गणला जातो.

यावरून सगळे परदेशी ते वाईट असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आपले साधे, उपयोगी अंजन गवत चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियात व अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात नेले गेले. तेथील वाळवंटी प्रदेशात ते इतके माजले की त्याच्या वाळल्या बेटांमुळे वणवे वाढू लागले आणि आगीची सवय नसलेले तेथील उंच निवडुंग जळू लागले. जे एका ठिकाणी वरदान तेच दुसरीकडे संकट ठरते. म्हणून रोपवाटिकेत रोपाचा रंग विचारण्यापूर्वी त्याचे बी वाऱ्यावर उडते काय आणि त्याचे कांड जमिनीखाली धावते काय, हे दोन प्रश्न विचारावेत.

आता लव्हाळ्याच्या कुळाकडे वळावयाचे. हातपंपाच्या सांडपाण्याचा खळगा, न्हाणीघराच्या मोरीचा निचरा, शाळेच्या टाकीखालची ओली जागा येथे चिखल व डास याखेरीज काही नसते. अशा जागी छत्रीगवत लावावे. आफ्रिका व मादागास्कर या बाजूंची ही वनस्पती आपल्या हवेत सहज रुळली आहे. उंच काडीच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पाने पसरतात. तिचे रोप करण्याची रीत मोठी गमतीची आहे. छत्री चार बोटे दांड्यासह कापून, पाने निम्मी छाटून, ती पालथी करून पाण्याच्या भांड्यात ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत पानांच्या बेचक्यांतून मुळे व कोंब फुटतात. प्राचीन मिसर देशात ज्याच्या काडीपासून लिहिण्याची पत्रे करीत तो पपायरस हिचाच मोठा भाऊ. पण ग्वाल्हेरच्या थंडीत तो मलूल होतो आणि त्याला सतत उभे पाणी लागते.

आणि खुद्द लव्हाळा? तुकाराम महाराजांनी ज्याला नम्रतेचा आदर्श म्हणून गौरविले, त्या लव्हाळ्याचा भाऊबंद मोथा शेतकऱ्याच्या दृष्टीने नम्र मुळीच नाही. त्याच्या जमिनीखालील गाठींची माळ एकीतून दुसरी अशी वाढत जाते, आणि जगातील त्रासदायक तणांच्या यादीत शास्त्रज्ञांनी त्याला पहिला क्रमांक दिलेला आहे. वाफ्यात तो दिसताच गाठीसह खणून काढावा. नुसते खुरपले तर तो दुप्पट फुटतो. तरीही त्याची दुसरी बाजू सांगणे न्याय्य होईल. दिवाळीच्या उटण्यात वाळ्याबरोबर जो नागरमोथा पडतो तो याच कुळातला. आग्र्याच्या पलीकडे भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत सैबेरियातून क्रौंच पक्षी हिवाळ्यासाठी येत. चिखलात चोच खुपसून ते मोथ्याच्या गाठी खात असत. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर ते तेथे आले नाहीत. आपल्या वाफ्यातून जे उपटून फेकावयाचे ते पाणथळीत राहू द्यावे, हा विवेक बागाईतदाराला असावा.

लागवडीविषयी फार सांगण्यासारखे नाही, हाच या गवतांचा मोठा गुण होय. पहिला चांगला पाऊस होऊन जमीन वीतभर भिजली की जुने बेट कुदळीने उकरून त्याचे तीन-चार फुटव्यांचे ठोंब करावेत. पाने वीतभर ठेवून छाटावी. बांधावर वाळ्याचे ठोंब १० ते १५ सेंटिमीटरवर एका ओळीत लावावेत. बागेत शोभेसाठी लावताना मारवेल, अंजन, रोशा यांना हात-दीड हाताचे अंतर द्यावे. पावसाने ओढ दिली तर पहिले तीन आठवडे पाणी घालावे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले म्हणजे पुरते. रोज थोडे थोडे देऊ नये, त्याने मुळे वरच राहतात. शेणखत बेताचे घालावे. सुपीक वाफ्यातील गवत माजते, लोळते आणि तुरे कमी देते.

कापणीच्या वेळेबाबत मात्र आग्रह धरला पाहिजे. गवत पिवळे पडले की ते ‘मेले’ असे समजून दिवाळीनंतर लगेच कापून टाकण्याची कचेऱ्यांतील माळ्यांना सवय असते. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात दूर्वाही पिवळी पडते, आणि माघातल्या गणेशजयंतीला हिरव्या दूर्वांसाठी लोकांना विहिरीकाठ शोधावा लागतो. सुकलेली पाने बेटाच्या गाभ्याचे थंडीपासून रक्षण करतात, आणि मुनिया त्यांतील बी टिपतात. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडी सरली की विळ्याने बेट वीतभर ठेवून कापावे. ते पेटवू नये; कापलेले गवत झाडांच्या आळ्यांत पसरले तर उन्हाळ्याची ओल टिकते. दाट बेटांत साप-विंचू आश्रय घेतात हे ध्यानी घेऊन, दारापासून आणि पायवाटेपासून त्यांना चार-पाच हात दूरच ठेवावे. तीन-चार वर्षांनी बेटाचा मध्य पोकळ झाला की ते पुन्हा फोडून लावावे.

शाळा, ग्रामपंचायत किंवा तहसील कचेरी यांच्या आवारात हिरवळ सर्वस्वी काढून टाकावी असेही नाही. ध्वजस्तंभाभोवती, मुलांच्या खेळण्याच्या जागी लहानसा तुकडा दूर्वांचाच असावा; त्याला न्हाणीचे किंवा हात धुण्याचे पाणी पुरते. उरलेल्या जागेत उताराला आडव्या वाळ्याच्या ओळी, त्यांच्या मध्ये मारवेल व अंजन, निचऱ्याला छत्रीगवत आणि मागच्या कुंपणाला मुंज अशी योजना केली तर पहिल्या वर्षानंतर टँकरची गरज पडू नये.

ठोंब बहुधा शेजारच्या गावातच मिळतात. सुधारित बियाण्यासाठी ग्वाल्हेरच्या बाजूच्यांना झाशीची संस्था जवळ आहे; महाराष्ट्रात चारापिकांवर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात काम चालते, आणि मारवेल-८ ही निवड शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. अंजनाचे बी आणताना ते कोणत्या वर्षीचे, हे अवश्य विचारावे. ताजे बी सुप्तावस्थेत असते व नीट रुजत नाही. मागील वर्षीचे कोरडे ठेवलेले बी घ्यावे. ते हलके व केसाळ असल्याने हाताने फेकले तर वाऱ्याने उडून जाते. म्हणून ओल्या मातीत थोडे शेण मिसळून, त्यात बी कालवून बोराएवढ्या गोळ्या कराव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि पाऊस तोंडावर आला की वाफ्यात टाकाव्यात. वर माती ओढण्याची आवश्यकता नाही.